ताईची उडी

चौकातल्या फोटो स्टुडिओच्या पाटीवर मालकाचं नाव चांगलं ठसठशीत लिहिलेलं होतं, पण ते वाचायचे कष्ट कुणी घेत नसे. सगळे त्याला 'हलूनका' म्हणत. "हलूनकाकडे जा, दहा मिनिटांत फोटो हातात मिळतील," असं लोक एकमेकांना सांगत आणि खरोखर दहा मिनिटांत ते मिळत. पासपोर्टचे, ओळखपत्रांचे, परीक्षेच्या नि नोकरीच्या अर्जांचे फोटो काढण्यात त्याची छत्तीस वर्षं गेली होती. एक फिरतं स्टूल, मागे पांढरा पडदा, दोन्ही अंगांना छत्र्या लावलेले दिवे. गिऱ्हाईक बसलं की ह्याची टेप सुरू व्हायची: पाठ ताठ, हनुवटी जरा खाली, कान दिसू द्या, इकडे बघा, हलू नका. एवढ्या वर्षांत कुठल्याही कचेरीतून त्याचा एकही फोटो परत आला नव्हता, आणि ह्या गोष्टीची त्याला अशी काही घमेंड होती की जणू काही तोफाच जिंकून आणल्या होत्या. चेहरा स्वच्छ दिसला पाहिजे, बाकी सगळं नंतर. त्याचं सगळं शास्त्र इथे सुरू होऊन इथेच संपायचं.

लग्नाचे फोटो त्याने उमेदीच्या काळात एकदाच काढले. त्यात खुर्च्या आणि दिवे अगदी सुरेख आले, नवरानवरी मात्र धूसर. माणसं हलतात, ही त्याची त्यावरची कायमची तक्रार. त्यानंतर त्याने हलणाऱ्या कशाचाही नाद केला नाही.

स्टुडिओच्या वरच्या मजल्यावर तो आणि त्याची थोरली बहीण राहत. दोघांचीही लग्नं राहून गेली होती. आधी वडील अंथरुणाला खिळले, मग आई, आणि त्यांचं करता करता ताईचं वय उलटलं. ह्याचं वय कशात उलटलं ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. ताई सरकारी इस्पितळात केसपेपरच्या खिडकीत तेहेतीस वर्षं बसली आणि तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाली. आता ती एकसष्ट वर्षांची होती. घरात ती कधी कुठे आहे हे त्याला बघावं लागत नसे. नुसतं "ताई" म्हटलं की चष्मा सापडायचा, सुटे पैसे सापडायचे, चहा यायचा. भिंतीकडे जसं आपण रोज बघतो पण तिचा रंग कुणी विचारला तर आठवत नाही, तसं काहीसं त्याचं ताईच्या बाबतीत झालं होतं.

तर ह्या ताईने एका गुरुवारी जेवताना विचारलं, "धाकट्या, येत्या रविवारी दुकान जरा उशिरा उघडशील का? माझा एक फोटो काढायचाय."

"त्याला रविवार कशाला? जेवण झालं की चल खाली, काढून देतो. पेन्शनच्या कागदांना हवाय का?"

"दुकानात नाही मावणार. घोडा आहे."

"कसला घोडा?"

"कसला म्हणजे? जिवंत, चार पायांचा. मी त्याच्यावर बसून उडी मारणार आहे. अडथळ्यावरून. तेव्हाचा फोटो हवाय मला."

त्याचा घास हातातच राहिला. मग त्याने डावा हात पुढे करून तिच्या कपाळाला लावला. कपाळ गार होतं.

"ताप नाहीये मला," ताई म्हणाली. "अडीच वर्षं जातेय मी तिथे."

"कुठे? तू तर व्यायामाला जातेस!"

"मग तो व्यायामच आहे. तू विचारलंस, कुठे गेली होतीस, मी सांगितलं, व्यायामाला. कसला व्यायाम, हे तू कधी विचारलंस?"

हे खरंच होतं. बुधवारी आणि रविवारी पहाटे ती निघायची, नऊपर्यंत परत यायची. चपलांच्या कप्प्यात मातीने भरलेले उंच बूट त्याने पाहिले होते, आणि 'पावसाळी बूट बरे घेतले हिने' असं मनाशी म्हणून आपल्या चपला काढून घेतल्या होत्या. तिच्या अंगाला गवताचा वास यायचा. तोही त्याला आला होता. अडीच वर्षं एका घरात राहून ह्या गृहस्थाने एकही प्रश्न विचारला नव्हता, आणि तरी त्या रात्री तोच तिच्यावर रुसला.

"हाडं मोडतील ताई! डॉक्टरने तुला हाडं ठिसूळ झालीत म्हणून सांगितलंय ना?"

"सांगितलंय. म्हणून तर ही शेवटचीच."

मग तिने सगळं सांगितलं. शहराबाहेर एका निवृत्त लष्करी मास्तरांची घोडेस्वारीची शाळा होती. तिथला सगळ्यात म्हातारा घोडा, ज्याला सगळे 'आजोबा' म्हणत, तो तिला शिकायला मिळाला. पहिले सहा महिने नुसती चाल, मग दुडकी, मग धाव, आणि गेल्या वर्षापासून लहान लहान उड्या. आता आजोबांचे गुडघे थकले होते. महिनाअखेर त्यांना कायमचं चरायला सोडणार होते. दुसरे घोडे तरणे आणि तापट, त्यांच्यावर ह्या वयात तिला बसवायला मास्तर तयार नव्हते. तेव्हा रविवारी एकच उडी, मांडीइतक्या उंचीची, तिची आणि आजोबांची शेवटची.

"मला फक्त एक फोटो पाहिजे," ताई म्हणाली. "दुसरं काही मागितलं नाही मी कधी."

तिने खरंच काही मागितलं नव्हतं. तो ताटावरून उठला आणि तडक खाली कॅमेरा बघायला गेला.

शुक्रवार-शनिवार त्याने दुकानासमोरच्या रस्त्यावर सराव केला. एका लग्नवाल्या फोटोग्राफरकडून लांबची लेन्स उसनी आणली, कॅमेऱ्यात एकदा बटण दाबून धरलं की फोटोंची माळ लागते ती खुबी शिकून घेतली, आणि फुटपाथवर गुडघा टेकून येणाऱ्या-जाणाऱ्या स्कूटरींचे तीनशे फोटो काढले. दोन स्कूटरवाले थांबून भांडले. शेजारच्या चष्मेवाल्याने विचारलं, "काय हो, पोलिसात लागलात की काय?" पण शनिवारी संध्याकाळी निदान चाकं तरी फोटोत गोल दिसायला लागली. ताईचा फोटो बिघडला तर जन्मात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, हे त्याला पुरतं कळलं होतं.

रविवारी बसमधून जाताना ताई एरवीपेक्षा खूप बोलली. ती सांगत होती आणि तो लेन्सच्या काचेवरचा बोटाचा ठसा पुसत होता.

"सगळ्यात अवघड काय असतं सांगू? बघणं. घोड्यावर बसलं की आपण बघू तिकडे घोडा जातो. मान वळली की खांदा वळतो, खांदा वळला की लगाम, आणि त्याला ते लगेच कळतं. म्हणून मास्तर एकच ओरडतात, डोळे पुढे! खाली बघायचं नाही, बाजूला बघायचं नाही. मला हे जमायला वर्ष लागलं. ऐकतोयस ना?"

"ऐकतोय, ऐकतोय," तो म्हणाला, आणि काच पुन्हा उजेडाला धरून पाहिली.

शाळेच्या फाटकातून आत गेल्यावर मात्र त्याला धक्क्यावर धक्के बसायला लागले. पाण्याची बादली घेऊन चाललेल्या मोतद्दाराने ताईला पाहून बादली खाली ठेवली आणि सलाम ठोकला. एक शाळकरी मुलगी धावत येऊन म्हणाली, "मावशी, आज मी तुमचं बघायला थांबणारे." आणि तबेल्याच्या आठव्या खणातून एक तपकिरी, पांढऱ्या भुवयांचं भलंमोठं तोंड बाहेर आलं आणि ताईच्या खांद्यावर विसावलं. ताई त्याच्या कानात काहीतरी बोलली. घरी जी बाई दाराची कडी अडकली तरी त्याला हाक मारायची, तिने त्या धिप्पाड जनावराचा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला, खुरातली माती कोरून काढली आणि त्याच्या पोटाखाली वाकून खोगिराचा पट्टा ओढला. भाऊ तोंडाचा आ वासून बघत राहिला. ही बाई आपल्या घरात राहते? ही?

मास्तर पंचाहत्तरीचे, काटकुळे, कमी बोलणारे. त्यांनी त्याला रिंगणाच्या कठड्यापाशी, अडथळ्याच्या उजव्या हाताला उभं केलं. "इथून हलू नका. फ्लॅश नको. कठड्याच्या आत येऊ नका." हलू नका हे आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कुणीतरी सांगत होतं. ओरडू नका, असं काही मास्तरांनी सांगितलं नाही. ते सांगावं लागतं असं त्यांना कसं वाटणार?

ताईने आधी दोन फेऱ्या दुडकीने मारल्या, मग धाव सुरू केली. मऊ मातीत टापांचा आवाज बसका येत होता. तिची पाठ सरळ होती. केसपेपरच्या खिडकीत तेहेतीस वर्षं वाकलेली पाठ ती हीच, हे कुणाला सांगून पटलं नसतं. रिंगणाच्या टोकाला वळून तिने घोडा अडथळ्याच्या रेषेत आणला आणि भावाने डोळा कॅमेऱ्याला लावला.

लेन्समधून ती एकदम जवळ आली. त्याने बटण दाबलं आणि माळ सुरू झाली. घोडा स्पष्ट, आयाळ स्पष्ट, लगाम धरलेली बोटं स्पष्ट. पण चेहरा? चेहरा नव्हताच! हेल्मेटच्या कडेची सावली, त्याखाली एक कान आणि हनुवटी. ती दूर पुढे, रिंगणाच्या पार पलीकडे बघत होती. छत्तीस वर्षांचा कारागीर त्याच्या आत दचकून जागा झाला. चेहरा नाही, फोटो वाया चालला, शेवटचा फोटो, दुसरा मिळणार नाही. त्याने विचार केला असं म्हणणंसुद्धा खोटं ठरेल. तोंडातून शब्द आपोआप गेले, रोज दिवसातून साठ वेळा जातात तसे, फक्त खूप मोठ्याने.

"ताई, इकडे बघ!"

तिने बघितलं.

क्षणभरसुद्धा लागला नाही. मान वळली, खांदा वळला, लगाम वळला. आजोबांनी अडथळ्याला दोन ढांगा उरल्या असताना उजवीकडे तोंड फिरवलं आणि भावाच्या दिशेने तिरकी उडी घेतली. लेन्समध्ये ताईचा चेहरा पूर्ण भरला, डोळे सताड उघडे, थेट त्याच्याकडे लागलेले. मग काडकन आवाज झाला, आडवा दांडा आणि बाजूचा खांब एकत्र कोसळले, घोडा गुडघ्यांवर आला आणि ताई त्याच्या खांद्यावरून निसटून मातीत पडली.

आणि त्याचं बोट अजून बटणावरच होतं. डोळा कॅमेऱ्यालाच होता. त्या चौकटीतून सगळं दुसऱ्याच कुणाला होत असल्यासारखं दिसत होतं आणि कॅमेरा आपला एकामागून एक फोटो घेत होता. बहीण पडताना तो तिचे फोटो काढत होता! हे लक्षात आलं तेव्हा त्याने कॅमेरा गळ्यातून असा ओरबाडून काढला की पट्ट्याने मानेचं सालटं निघालं. कठडा ओलांडायचा कसा हेच त्याला सुचेना, तो कमरेएवढाच होता तरी.

मास्तर त्याच्या आधी पोचले. मोतद्दाराने घोडा धरला. ताई उताणी पडली होती, डावा हात भलत्याच कोनात. ती शुद्धीत होती.

"आजोबांना काही झालं का?" तिने विचारलं.

"खरचटलंय फक्त. बोलू नका," मास्तर म्हणाले. मग वर बघून त्यांनी विचारलं, "कोण ओरडलं?"

शाळकरी मुलगी रडत होती.

"मी," तो म्हणाला.

मास्तरांनी त्याला नीट निरखून पाहिलं. "तुम्ही यांचे कोण?"

"भाऊ."

मास्तर वळून ताईच्या हाताला आधार द्यायला लागले. त्यांनी एक सणसणीत शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

इस्पितळ तिचंच, सरकारी. केसपेपरच्या खिडकीतल्या बाईने स्ट्रेचरवर ताईला पाहिलं आणि ती उठून उभीच राहिली. "अगं बाई! ताई, तुम्ही? काय झालं?"

"घोड्यावरून पडले," ताई म्हणाली.

खिडकीतली बाई हसली. दुखण्यातही ताई गंमत करतेय असं तिला वाटलं. मग सोबत आलेल्या मास्तरांच्या अंगावरचे स्वारीचे कपडे आणि ताईचे बूट बघून तिचं हसू जिथल्या तिथे विरलं.

आत एक तरुण डॉक्टर आला आणि भरभर विचारायला लागला. वय? एकसष्ट, हे भावाने सांगितलं. कुठल्या गोळ्या चालू आहेत? भाऊ गप्प. कुठल्या औषधाची ॲलर्जी? भाऊ गप्प. आधी कधी हाड मोडलंय? त्याने ताईकडे पाहिलं, पण तिला एव्हाना वेदनांनी ग्लानी आली होती.

"हाडांसाठी आठवड्याला एक गोळी घेतात, सोमवारी," मागून मास्तर म्हणाले. "पेनिसिलिन चालत नाही. आणि लहानपणी उजवा घोटा मोडला होता, जिन्यावरून पडून."

तो घोटा! ते त्याला माहीत होतं. माहीत काय, जिन्यावरून तो स्वतःच घसरत होता आणि त्याला धरायला ती धावली होती. त्याला ते आत्ता, पन्नास वर्षांनी, एका परक्या माणसाच्या तोंडून आठवलं. तो बाकावर बसला. त्याला स्वतःची लाज वाटत होती.

मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं, गळ्याजवळचं हाडही. दोन महिने प्लास्टर. बरं होईल, डॉक्टर म्हणाला, पण घोडा विसरा आजी. ताईने मान हलवली. आजोबा महिनाअखेर जाणार होते आणि महिना संपायला अकरा दिवस होते, तेव्हा विसरा म्हणून वेगळं सांगण्यात काही अर्थही नव्हता.

घरी आल्यावर त्याने स्वयंपाक केला. तो कसा झाला हे न सांगितलेलंच बरं. तिने निमूट खाल्ला. त्याने तीनदा माफी मागितली आणि तीनही वेळा ती "असू दे रे" म्हणाली. ती चिडली असती, ताट भिरकावलं असतं, तर त्याला काहीतरी धरायला मिळालं असतं. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "फोटो कुठायत?"

"ते काय बघायचे ताई? पुसून टाकतो मी."

"पुसायचे नाहीत. घेऊन ये."

तो खाली गेला. तोपर्यंत त्याने ते उघडलेच नव्हते. एकोणीस होते. त्याने दिवे न लावता, नुसत्या पडद्याच्या उजेडात ते एकेक करून पाहिले आणि अकराव्यावर त्याचा हात थबकला. आजोबा हवेत, चारही पाय जमिनीवरून सुटलेले, आयाळ उडालेली, आणि ताईचा चेहरा थेट कॅमेऱ्यात, लख्ख, पापणीचा केस न् केस मोजावा असा. त्याने जन्मात एवढा चांगला फोटो काढला नव्हता. ह्या गोष्टीचा त्याला एक क्षण आनंद झाला, खरोखर झाला, आणि दुसऱ्याच क्षणी तो कुणीतरी थोबाडीत दिल्यासारखा मागे सरकला. ती पडतानाचे शेवटचे सहा त्याने छापले नाहीत. तेरा फोटो छापून त्याने तिच्या अंथरुणावर ओळीने मांडले.

ताई एकेक उजव्या हाताने उचलून डोळ्यांजवळ नेत होती. अकराव्यावर ती बराच वेळ थांबली.

"छान काढलायस," ती म्हणाली, आणि तो पालथा करून बाजूला ठेवला. मग ओळीत मागे जाऊन तिने तिसरा उचलला. "मला हा मोठा करून दे. चौकट लावून."

त्याने वाकून पाहिलं. घोडा नुसता धावत होता, अडथळा अजून लांब होता. ताईची सरळ पाठ, हेल्मेटची कड, एक कान.

"पण ह्यात उडीच नाहीये ताई. तुझा चेहरासुद्धा नाही."

"नसू दे."

"अगं पण मग ह्यात आहे तरी काय?"

ताईने फोटो पुन्हा डोळ्यांसमोर धरला. तिच्या आवाजात राग नव्हता, ती फक्त दिसतंय ते सांगत होती.

"ह्यात तू अजून हाक मारलेली नाहीस."